दोनशे चौदावे पान

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. पहिली : विद्यार्थ्यांनी ऑनलाइन ज्ञानकोश जबाबदारीने कसा वापरावा, याची नियमावली लिहिण्याचे काम प्राचार्यांनी काल माझ्याकडे सोपवले. दुसरी : ते अन्य कोणालाही झेपले नसते. तिसरी : नियमावली गाजली की विभागप्रमुखपद माझे. प्राचार्य तसे बोलले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. चौथी : ज्ञानकोशातील ‘दाराची कडी’ हा लेख माझ्याच प्रबंधावर उभा आहे. बायकोने विचारले, चौथीचा इथे संबंध काय. संबंध आहे.

५ फेब्रुवारी
नियमावली पूर्ण. कलमे बेचाळीस. गाभा एकच : ज्ञानकोशातले वाक्य तसेच उचलू नये, तळटीप धरून मूळ ग्रंथापर्यंत जावे, पान उघडावे, स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. वर्गात वाचून दाखवली. एकतिसाव्या कलमापाशी तिघे झोपलेले आढळले. लिहून घेत होत्या फक्त टेलरबाई. वय बावन्न, शिवणाचे दुकान सांभाळून पदवी करतात. वर्गात गळ्यात मापाची टेप. हे शिस्तीला शोभत नाही. सांगणार आहे.

९ फेब्रुवारी
बाईंनी प्रोजेक्टला दाराची कडीच निवडली. सुज्ञ. माझा सिद्धान्त असा की घराला कडी आधी बाहेरून होती, आतली नंतर आली. म्हणजे माणसाला प्रथम दुसऱ्याला कोंडण्याची बुद्धी झाली, मग स्वतः लपण्याची. बाईंची शंका : मग आत झोपलेल्या माणसाने दार लावायचे कसे? प्रश्न बाळबोध. उद्या उत्तर देईन.

१० फेब्रुवारी
वेळ झाला नाही.

१३ फेब्रुवारी
बाई थेट स्टाफरूममध्ये आल्या. ज्ञानकोशाची तळटीप धरून माझ्या प्रबंधापर्यंत पोहोचल्या. प्रबंधाची तळटीप धरून सुतारकामाच्या एका जुन्या ग्रंथापर्यंत, पृष्ठ २१४. ग्रंथ आमच्याच लायब्ररीत. तो काखेत घेऊनच आल्या होत्या. सर्वांसमक्ष म्हणाल्या, “सर, हे पुस्तक एकशे अठ्ठ्याण्णव पानांचं आहे. दोनशे चौदावं पान मी कुठून वाचू?”
भौतिकशास्त्राचे सर खोकल्यासारखे हसले. बाईंना बारावे कलम दाखवले : संशोधकाने धीर धरावा.

१४ फेब्रुवारी
उलगडा झाला. २१४ वजा १९८ बरोबर १६. छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा असतो. अर्थात लायब्ररीच्या प्रतीतून अखेरचा फर्मा गळाला. ग्रंथपालांना कडक शब्दांत विचारणा केली. त्यांनी शांतपणे पृष्ठ १९८ उघडले. तेथे ठळक अक्षरांत ‘समाप्त’, खाली वेलबुट्टी. थोर लेखकाला समाप्तीनंतरही काही सांगायचे असू शकते, हे मी निदर्शनास आणले. मग त्यांनी मागच्या आतल्या बाजूचे कार्ड काढले. पन्नास वर्षांत ग्रंथ एकदाच घरी गेला आहे. टेलरबाईंच्या.
मी तो उभ्याउभ्या वाचला असणार.

१५ फेब्रुवारी
ज्ञानकोशात माझ्या वाक्यापुढे कोणीतरी ‘संदर्भ तपासावा’ अशी खूण लावली आहे. काढली. पुन्हा आली. पुन्हा काढली. चर्चापानावर माझ्या पदव्या आणि अध्यापनाची वर्षे नमूद केली. उत्तर आले : पान दाखवा. खूण चौथ्यांदा काढताच माझे खाते सात दिवसांसाठी बंद. कलम सव्वीस सांगते, ज्ञानकोशात भांडू नये. पण नियमावली विद्यार्थ्यांसाठी आहे.

१७ फेब्रुवारी
बाईंच्या रिपोर्टवर उद्या पाचपर्यंत माझी सही हवी. नाहीतर त्यांचे वर्ष गेले. सही केली तर रिपोर्ट बाहेरच्या परीक्षकांकडे जाईल, आणि तेच गृहस्थ विभागप्रमुख निवडणार आहेत. सही न करण्याचा निश्चय केला. कारण : मार्जिन अपुरे. पट्टी लावून पाहिली. प्रत्येक पानावर बरोबर एक इंच, केसभरही फरक नाही. शिवणकामाच्या बाईकडून दुसरे काय निघणार.
त्यांना समजुतीने सुचवले की पृष्ठ २१४ न सापडल्याचे प्रकरण रिपोर्टमधून गाळावे. त्या म्हणाल्या, “बाही बसेना म्हणून गिऱ्हाइकाचा हात कापू का, सर? मी वर्षभर थांबते. पान सापडलं की कळवा.”
आवाज चढला नव्हता, हे विशेष खटकले.

१८ फेब्रुवारी, सकाळी ९.३०
बाईंचे तोंड बंद करण्यासाठी माळ्यावरचे खोके उतरवले. बायकोने स्टूल धरले. प्रबंधाच्या वेळची वही मिळाली. पानांना क्रमांक घातलेले. त्या काळीही मी काटेकोर होतो. पृष्ठ २१४. अक्षर माझे : ‘कडी आधी बाहेरून असावी असे वाटते. सुतारकामाच्या जुन्या पुस्तकात तपासणे.’
‘तपासणे’च्या खाली दोन रेघा. पुढे काही नाही.
बायकोने चष्मा लावून दोनदा वाचले. म्हणाली, “अहो, पान सापडलं की. बाईंना कळवा.”

१८ फेब्रुवारी, सायंकाळी ६
पाचला चार मिनिटे असताना सही केली. त्या पानाची झेरॉक्स बाईंनी परिशिष्ट म्हणून जोडून घेतली आणि मूळ वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. प्राचार्यांनी निरोप धाडला, विभागप्रमुखपद तूर्त रिकामेच ठेवू.
सर्व बाजूंनी विचार करता माझा दोष एवढाच की मी एका पंचविशीतल्या, उतावळ्या विद्यार्थ्यावर सव्वीस वर्षे विश्वास ठेवला. बायकोच्या मते सदर विद्यार्थी या क्षणी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून लिहितो आहे. असो. त्यास याद्वारे कळवण्यात येते की स्वतःच्या हाताने ‘तपासणे’ असे लिहून ते न तपासण्याचे कारण त्याने उद्या सकाळी दहापर्यंत याच वहीत सादर करावे. तोंडी सबबी ऐकल्या जाणार नाहीत. खुलासा लेखीच हवा.