आठाची हाक

४ सप्टेंबर, बुधवार

त्याला जाऊन एकोणपन्नास दिवस आज संपले. सकाळी मठातून चार लामा आले. पाठ झाला, चहा झाला, दुपारी गेले. त्याचे कपडे, बूट, प्रवासाची घोंगडी — सगळं त्यांच्याबरोबर दिलं. गेलेल्याचा जीव जिथे अडकेल असं घरात काही ठेवायचं नाही. फाशांचं गाठोडं मात्र फळीवर राहिलं. कुणी मागितलं नाही, मी दिलं नाही.

दाराशी त्याच्यासाठी सातूचं पीठ जाळायचं, तेही आज शेवटचं. संध्याकाळी भांडी घासली. केस धुतले.

रडले नाही. मोठ्यानं रडलं की जाणाऱ्याच्या वाटेवर गारा पडतात म्हणतात. ट्रक घेऊन खिंडी ओलांडणाऱ्याला गारा म्हणजे काय, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. जुलैत तर खिंडीनंच नेलं त्याला.

बुत्री, त्याची मोठी बहीण, शिगात्सेहून आली आहे. जेवताना आमांना, माझ्या सासूबाईंना, म्हणाली, "थंडी पडायच्या आत माझ्याकडे चल. इथे एकटी काय करशील?"

एकटी! मी समोर बसून सूप वाढत होते.

६ सप्टेंबर

बुत्री सकाळच्या बसनं गेली. ऑक्टोबरच्या शेवटी न्यायला येते म्हणाली.

आमांना विचारलं, जाणार का? बराच वेळ माळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही गं. पण या घरात भांडंसुद्धा वाजत नाही. तू आत आलीस की गेलीस, कळत नाही. डोळ्यांनी तर दिसत नाहीच. आता कानांनीही काही दिसेना झालंय."

बुत्रीकडे दोन मुलं आहेत, कुत्रा आहे, टीव्ही आहे.

आमा गेल्या तर या घरात मी.

९ सप्टेंबर

संध्याकाळी पातेल्यावरचं झाकण जमिनीवर टाकलं.

"काय पडलं?"

"झाकण."

"मुद्दाम पाडलंस."

१४ सप्टेंबर, शनिवार

शाळा अर्धा दिवस. घरी आले तर अंगणात दोघे उभे — चुंगडाक, बाजारातला लोणीवाला, आणि फुर्बू, माझ्या नवऱ्याच्या ट्रकवर जोडीला असायचा तो. त्या शेवटच्या खेपेला फुर्बू तापानं घरी होता. तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही, माझ्या बुटांकडे बघतो.

चुंगडाक म्हणाला, "बाई, फासे नेतो म्हणत होतो. गादी आहे ना, ती चामड्याची. बडवली नाही की आक्रसते."

आतून आमा — "कोण आहे?"

"मी आमा, चुंगडाक."

"मग आत का येत नाहीस? दर शनिवारी येऊन माझं डोकं उठवायचास. आता लाज वाटते?"

"वर्ष व्हायचंय ना आमा अजून..."

"वर्षभर नाचगाणं नको म्हणतात. फासे नको म्हणून कुणी सांगितलं? नेऊ नका कुठे. इथेच बडवा."

फुर्बू बुटांकडे बघून म्हणाला, "तिघं लागतात, आमा."

आमांच्या माळेचा आवाज थांबला.

मीच म्हणाले — मला शिकवा.

२१ सप्टेंबर, शनिवार

गाठोडं सोडलं. अंगणातल्या गालिच्यावर मधोमध गादी, आत याकची लोकर ठासून भरलेली. भोवती कवड्यांचं कडं. तिघांना नऊ-नऊ सोंगट्या. चुंगडाकच्या सोंगट्या म्हणजे हाडाची बटणं, फुर्बूच्या जर्दाळूच्या बिया. मला गाठोड्यातली त्याची तांब्याची नाणी दिली. दोन फासे लाकडी वाटीत घालायचे, खुळखुळवायचे, वाटी गादीवर पालथी आपटायची. जेवढं दान तेवढ्या कवड्या पुढे. थांबलो तिथे दुसऱ्याच्या सोंगट्या सापडल्या, आपल्याहून जास्त नसल्या, तर त्या मारायच्या. बिचाऱ्या पुन्हा पहिल्यापासून. नऊही सोंगट्या आधी बाहेर काढेल तो सुटला.

हे सगळं मला दहा मिनिटांत कळलं. कवड्या मोजाव्याही लागत नाहीत, नुसतं पाहिलं की कळतं. फुर्बू अजून बोट लावून मोजतो.

पण वाटी उचलायच्या आधी ओरडायचं असतं. जे दान हवं त्याचं नाव घेऊन. नुसतं नाव नाही, गाणं करून! प्रत्येकाची आपापली गाणी. चुंगडाक गुडघ्यांवर उभा राहून बोंबलतो —

"चुंगडाकचं लोणी मऊ, पड रे बाबा, पड रे नऊ!"

पडले चार. त्याचं म्हणणं, नऊला ऐकू गेलं नसेल.

माझी पाळी. वाटी आपटली. म्हणाले, "सात."

"बाई, हजेरी घेताय का?"

"सात," पुन्हा म्हणाले.

"सात गैरहजर!" चुंगडाक म्हणाला. फुर्बू खाली बघून हसला.

आतून आमा — "चुंगडाक ऐकू येतो. फुर्बू ऐकू येतो. तिसरं कोण बसलंय?"

"वहिनी बसल्यात, आमा."

"बसली असेल. मला काही ऐकू आलं नाही."

२४ सप्टेंबर

शाळेतून येताना नदीच्या वाटेनं आले. आजूबाजूला कुणी नव्हतं. "सात!" म्हणून ओरडून पाहिलं. पलीकडच्या शेतातलं गाढव चरायचं थांबलं. मी लगेच चालू लागले.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज एक लक्षात आलं. आठाचं गाणं कुणी म्हणत नाही.

फुर्बूला आठच हवे होते. वाटी आपटली आणि हळूच म्हणाला, "आठ." माझ्यासारखंच. चुंगडाकनं एरवी सोडलं नसतं त्याला. आज तंबाखूची डबी शोधत राहिला.

आठाचं गाणं त्याचं होतं. त्यात त्याचं नाव आहे. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं — घेतलं की तो वाटेत थांबतो, मागे वळतो.

ते गाणं मला पाठ आहे. स्वयंपाकघरात पीठ मळताना भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलंय. तो ते ओरडायचा आणि आतून आमा त्याला उत्तर द्यायच्या, दर वेळी तेच. इथे लिहीत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

ओरडले!

चुंगडाक म्हणाला होता, "बाई, वर्गात पोरं दंगा करतात तेव्हा काय करता?" मी म्हटलं, गप्प उभी राहते. "आणि मग?" मग तीही गप्प होतात. "फासे गप्प झाले तर आपलं कसं व्हायचं?"

माझी पाळी आली तेव्हा चहाची किटली शेजारीच होती. तोंडातून गेलं — "ओत चहा, ओत चहा, पड रे मेल्या, पड रे दहा!"

सहा आणि चार! फुर्बूच्या तीन सोंगट्या मेल्या. तो कपाळाला हात लावून बसला. चुंगडाक लोळला.

आणि आत आमा हसत होत्या. जुलैनंतर पहिल्यांदा. म्हणाल्या, "मेल्या म्हणाली ती! बाईंना येतं की!"

घसा अजून दुखतोय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आमा आज स्वतःच भिंत धरत बाहेर आल्या. पायरीवर बसल्या, मांडीवर सुक्या चीजची पिशवी. दान पडलं की विचारतात, "कुणाचं मेलं?" आणि ज्याचं मेलं त्याला एक तुकडा देतात. चुंगडाक म्हणाला, "आमा, या हिशोबानं मला हरणंच परवडतं."

मला सातासाठी गाणं हवं होतं. आमा म्हणाल्या, "मी देते. म्हण — सासू गेली देवळात, सून लोणी खात, ये गं बाई सात!"

"आमा, हे मी कसं म्हणू?"

"खातेस की नाही?"

"खाते."

"मग म्हण."

म्हटलं. दोनदा म्हटलं. सात काही आले नाहीत.

१६ ऑक्टोबर

बुत्रीचा दुकानात फोन आला होता. आमांना हात धरून नेलं. मोठ्यानं बोलत होत्या, सगळ्या दुकानाला ऐकू गेलं — "यंदा नको. इथे शनिवारी फासे असतात. बर्फ सरलं की बघू."

आमा राहणार! येताना त्यांच्यासाठी गरम मोजे घेतले.

१९ ऑक्टोबर, शनिवार



थंड वारा होता म्हणून आमा आत चुलीपाशी होत्या. डाव शेवटाला आला होता. चुंगडाकच्या शेवटच्या चार सोंगट्या एकावर एक, दारातच म्हणायच्या. पुढच्या हाताला तो सुटणार. माझी चार नाणी त्यांच्या मागे. मध्ये किती, ते न मोजता कळलं. आठ.

वाटी खुळखुळवली. आपटली. ओरडायचं होतं. गेले दोन शनिवार ओरडत होते. विचार केला नाही. दुसरं काही तोंडात आलंच नाही —

"घाट उतरून आला कोण? सोडा त्याची वाट!
नोर्ग्ये आला! नोर्ग्ये आला! घेऊन आला आठ!"

आणि आतून, लगेच — "आला तर पाय पुसून ये रे!"

चुंगडाकचा हात तोंडावर गेला होता. फुर्बू पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता, माझ्या तोंडाकडे. वाटी तशीच पालथी.

आत काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

दोघे गेले. चुंगडाक जाताना म्हणाला, "बाई, तुमचा दोष नाही. ते दानच तसं आहे." फुर्बूनं दारात पीठ जाळलं आणि गेला.

ते गेल्यावर वाटी उचलली. तीन आणि दोन.

आत गेले. आमा दारापाशी उभ्या होत्या. पायपुसणं त्यांनी उंबऱ्याला आणून सरळ लावलं होतं.

"आठ पडले?"

"नाही. पाच."

"म्हणजे नाही आला," म्हणाल्या.

२० ऑक्टोबर

आमा जेवल्या नाहीत. मीही नाही.

संध्याकाळी त्यांनी जवळ बोलावलं. माझा हात त्यांच्या हातात होता, सगळा वेळ.

"आवाज चांगला आहे तुझा. थेट त्याच्यासारखा फेकतेस."

मी म्हटलं, आमा, पुन्हा नाही होणार. आठ लागले तरी गप्प राहीन. खेळणारच नाही.

"गप्प राहिलीस तरी मला ऐकू येणार गं. काल मी उठले. गुडघे दुखतात, तरी कशी उठले कोण जाणे. पायपुसणं सरकवलं. दारात उभी राहिले आणि मग आठवलं. आता दर शनिवारी वाटी आपटली की मी उठणार. तोही तिकडे मान वळवून थांबणार. दोघी मिळून अडवून धरू आपण त्याला. पोराला जाऊ दे."

मग म्हणाल्या, "बुत्रीला फोन कर."

ज्या आवाजासाठी आमा राहणार होत्या —

हे वाक्य पुरं होत नाही.

२३ ऑक्टोबर

आमांची पेटी भरली. सातूचं पीठ, माळ, जुनं जाकीट, नवे मोजे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

बुत्री दुपारी आली. तिच्या नवऱ्यानं गाडी दिली आहे, उद्या सकाळी निघायचं.

जेवण झाल्यावर आमा म्हणाल्या, "फासे दे जरा माझ्याजवळ." गाठोडं मांडीवर ठेवलं. गादीवरून हात फिरवला, कवड्या चाचपल्या, त्याची नाणी अंगठ्यानं एकेक घासली. वाटी नाकाला लावून वास घेतला. "तंबाखू," म्हणाल्या. मी चहा आणायला गेले. आले तेव्हा गाठोडं पुन्हा बांधलेलं होतं, गाठ आमांच्या हातची, दुहेरी.

"चुंगडाकला, फुर्बूला ये म्हणावं," म्हणाल्या. "बंद करू नका. आणि तू ओरडत जा. एकटी असलीस तरी."

२६ ऑक्टोबर, शनिवार

आठ वाजता गेल्या. गाडी वळेपर्यंत उभी राहिले. आमांनी काचेवर हात ठेवला होता, पण मी त्या बाजूला नव्हते.

चुंगडाक आणि फुर्बू आले नाहीत. मीच येऊ नका म्हटलं होतं. पुढच्या शनिवारी या म्हटलं.

२७ ऑक्टोबर

गादीला लोणी चोळून ठेवावं म्हणून गाठोडं सोडलं. वाटीत एकच फासा आहे.

गादीखाली पाहिलं, गालिचा झटकला, आमांच्या अंथरुणाची जागाही पाहिली. मग शोधणं थांबवलं.

एका फाशावर आठ कधीच पडणार नाहीत.

चहा केला, एकीपुरता. प्यायले. वाटी आपटून ठेवली.