सॅम्युएलच्या कार्डातले फोटो

६ ऑक्टोबर

माझ्या सॅम्युएलची बॅग बोटीवरून आली. माणूस मे महिन्यात पुरला, बॅग आता! बोटवाल्यांची तऱ्हा. दोन पँटी, दाढीचं सामान, एकच बूट — दुसरा कुठे, देवाला माहीत. आणि कॅमेरा. खाऱ्या हवेने खाल्लेला.

सँड्रीनाने बाकी कशाला हात लावला नाही. कॅमेऱ्याच्या पोटातून नखाएवढं कार्ड काढलं आणि मुठीत धरून बसली. "आजी, हेच्यात पप्पांचे फोटो असतले."

असतील तर असतील. मी भात उतरवायला गेले.

८ ऑक्टोबर

पोरीला हवंय काय ते आज बोलली. माझ्या मुलाची पेटी पत्रा मारून बंद झालेली आली होती. फादरनी उघडू दिली नाही. बापाचं तोंड न बघताच तिने माती टाकली. तिची आई प्रिसिला, सँड्रीना रांगत होती तेव्हाच गेली, बाप कायमचा बोटीवर. वाढवली मी. आता तिला बापाचा शेवटचा फोटो पाहिजे. दोन नोव्हेंबरला, मेल्यांच्या दिवशी, सिमितेरीत त्याच्या थडग्यावरच्या क्रुसाला लावायला. घरात आहे तो पासपोर्टवरचा. त्यात तो चोर दिसतो.

संध्याकाळची तेर्साची प्रार्थना संपल्यावर मला विचारते, "पप्पा झोपेतच गेले ना गो? बोटवाल्यांच्या कागदार तसाच लिवलेला आसा."

या एका गोष्टीवर पोरगी उभी आहे. मी म्हटलं, "होय गो बाये."

११ ऑक्टोबर

कार्ड नासलंय. पोरगी पडवीत फोटोचंच काम करते — लग्नं, बारशी — तरी तिलाही दाद देत नाही. फोटोंचे तुकडे झालेत म्हणे. ते गोळा करायचे, जोडायचे, धुवायचे. तिचा कॉम्प्युटर जुना. आतली डिस्क म्हाताऱ्या रेड्यासारखी घरघरते. ती एकेक तुकडा लिहून घेईपर्यंत कार्ड तापतं आणि बंद पडतं. दुपारभर बसून काय मिळालं? एक बाही. कोणाची तेही कळेना.

१४ ऑक्टोबर

निलेशला बोलावला. बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो. चहा प्यायला आणि म्हणाला, "फोटो डिस्कार ठेवूचेच नाय. मेमरीतच एक कप्पो करतंय. थंयच उघडूचे, थंयच जोडूचे." दुकानातून एक पट्टी आणली होती, ती आत बसवली. मेमरी वाढली म्हणाला.

माझ्या डोक्यात शिरलं ते असं — मसाला माळ्यावर असला तर दर फोडणीला शिडी चढा. त्यापेक्षा लागेल तेवढा चुलीपुढे घेऊन बसा.

मी विचारलं, "आणि लायट गेली तर?"

"मगे सगळा पुसला जातला, आजी. मेमरी काय्येक धरून ठेवणा नाय. म्हणान तर बॅटरी लावलंय. काम झाला की सगळा डिस्कार उतरवूचा."

बरी की मग माझी मेमरी. नको ते सगळं धरून ठेवते.

१५ ऑक्टोबर

काय पळतंय ते! त्या दिवशी अख्खी दुपार खाल्ली त्या कामाला आज माझा एक विडाही संपला नाही. फोटो पापडासारखे फुलून वर येतात. समुद्र. दोरीवरचे कपडे. ताटातला मासा. पुन्हा समुद्र. त्याचं तोंड नाही. फोटो काढणारा फोटोत कुठून येणार? पण पोरगी हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

१७ ऑक्टोबर

संध्याकाळी गडगडलं. दोन वर्षांमागे वीज पडून फ्रीज जळला, तेव्हापासून गडगडलं की मी मेन खाली ओढते आणि घरातल्या सगळ्या पिना उपटते. आजही उपटल्या. कॉम्प्युटरचीसुद्धा! सँड्रीना किंचाळली. नशीब, तिने फोटो डिस्कवर उतरवले होते. निलेशने बॅटरीच्या पिनेवर कागद चिकटवला — "आजीने हात लावू नये." मी म्हटलं, "तुझ्या तोंडार चिकटय तो."

२१ ऑक्टोबर

राहिले ते शेवटचे फोटो. निलेश म्हणतो, कार्ड आता एकदाच वाचून होईल, मग मेलं म्हणून समजा. सकाळी ते सगळं मेमरीत ओढून घेतलं. कार्ड गेलंच. तुकडे जुळल्यावरच डिस्कवर उतरवायचे; तोवर जे आहे ते फक्त मेमरीत. जुळायला दुपार जाणार. सँड्रीनाला लग्नाचा अल्बम घेऊन कुडाळला जाणं भाग होतं. दारातून सांगून गेली, "आजी, कशाकच हात लाव नको. बघीत बस. पप्पा दिसले तर माका फोन कर."

बसले.

२२ ऑक्टोबर

काल पिना काढल्या. सगळं गेलं.

ती आली, काळा पडदा बघितला, माझ्याकडे बघितलं. "गडगडला काय गो?"

"गडगडला."

जेवली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टोबर

निलेशने हरतऱ्हा केली. काही नाही. "आजी, इतक्या सांगललंय तुका. कागद चिकटवललंय!" शेजारची यशोदा मुद्दाम चौकशीला आली. "म्हातारपणाची सवय ती, जाता काय?" एरवी तिला उभी चिरली असती. काल-आज तोंडाला कुलूप.

सँड्रीना आज बोलली. एकच वाक्य. "तुझ्याच झिलाचा तोंड तू पुसलंस."

ऐकून घेतलं.

२९ ऑक्टोबर

तिने पासपोर्टचाच फोटो घेतला. कॉलर सरळ केली, डोळ्यांखालचं काळं काढलं. चोर आता सभ्य दिसतो. मला दाखवला नाही. मीच मागून बघितला.

१ नोव्हेंबर

मेणबत्त्या आणल्या. तिने माझ्या पुढ्यात पेजेची वाटी ठेवली. लोणचंही ठेवलं.

२ नोव्हेंबर

सिमितेरीच्या उतारावर तिने माझं कोपर धरलं. क्रुसावर फोटो लावला. मेणबत्ती वाऱ्याने तीनदा विझली, तिने तीनदा लावली. मग म्हणाली, "जावंदे आजी. झोपेत गेले, तितक्याच बरा."

मी म्हटलं, "होय."

मी पिना काढल्या त्या दुपारी गडगडलं नव्हतं. फोटो जुळले होते. आरशात बघून त्यानेच काढलेले. काळा पडलेला पाय, मग तोंड. परत पाय, आणखी वरपर्यंत काळा; परत तोंड, आणखी खंगलेलं.

झोपेत नाही गेला तो.