सासऱ्यांचा रॉड आणि माझा पक्का निर्णय

२ फेब्रुवारी, रविवार
कपाटामागची जागा साफ केली. म्हणजे बायकोने केली, मी लक्ष ठेवलं. फिशिंग रॉड सापडला. लग्नानंतर सासऱ्यांनी दिलेला. माझ्यातला मच्छीमार त्या माणसाने तेव्हाच ओळखला होता. बायको म्हणाली, लहानपणी ती आणि बाबा दर रविवारी हाच घेऊन तलावावर जायचे. असेल.
निर्णय: विकायचा. घरात अडगळ म्हणजे डोक्यात अडगळ. या बाबतीत मी फार स्पष्ट आहे.

४ फेब्रुवारी
ठेवायचा. असल्या वस्तू आता मिळत नाहीत. शिवाय आज साहेबांना सहज सांगितलं की मी फिशिंग करतो, तर ते बराच वेळ माझ्याकडे बघतच राहिले. वजन पडलं.
मुठीचं कॉर्क मळकट दिसत होतं. फर्निचर पॉलिश मारलं. झकास चमकतंय. बायकोने पाहिलं, कपाळाला हात लावला आणि आत गेली. तिची कौतुक करायची पद्धत वेगळी आहे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
गच्चीवर सराव. मनगटाचा झटका उत्तम. मूठ थोडी निसटते, का कोण जाणे. गळ शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकला. काकूंनी आकाशपाताळ एक केलं. चादर आधीच विरलेली होती हे मी शांतपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं. भलाईचे दिवसच राहिले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
तलाव. निघताना बायको म्हणाली, मी पण येते, बाबांनाही घेऊ, दवाखान्यातून आल्यापासून घरात बसून बसून उदास झालेत. मी समजावलं की हा एकाग्रतेचा खेळ आहे, सहल नाही. आणि आजारी माणसाला ऊन बाधतं. मलाच बाधलं. मान लालभडक.
मासे शून्य. बाजूला बसलेले एक आजोबा बादली भरून घेऊन गेले, पण त्यांची पद्धत अगदीच जुनाट. तलावातच दम नाही.

१२ फेब्रुवारी
विकायचा. फायनल. जाहिरात टाकली: 'अनुभवी हातांनी वापरलेला. फक्त जाणकारांनीच फोन करावा.'
बायको म्हणाली, विकू नकोस, मला दे, मी बाबांना घेऊन जाईन. डोळ्यांत पाणी होतं बहुतेक. मी तिच्याशी वस्तूंमध्ये जीव गुंतवू नये या विषयावर थोडं बोललो. पाऊण तास. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. पटलं असावं.

१५ फेब्रुवारी
जाणकार कमी झालेत. एकाच बाईंचा फोन. छताची जळमटं निघतील का, असं विचारत होत्या. फोन ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी
विकला! टोपीवाले एक गृहस्थ आले. रॉड हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, साहेब, हात बसलेला दिसतोय तुमचा. असा पारखी माणूस विरळा. घासाघीस नाही, काही नाही. बायकोने त्यांना चांगल्या कपांतून चहा दिला. सुटले एकदाची अडगळीतून, असं तिला वाटलं असणार. आलेल्या पैशांत मी स्वतःला बूट घेतले.

२३ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
उशिरा उठलो. बायको माहेरी गेलेली. बाबांना जरा फिरवून आणते, असं काल म्हणाली होती.
चारला दोघं दारात. उन्हाने रापलेली, चिखलाने भरलेली. पिशवीत मासे. बायकोच्या हातात रॉड. तोच!
हा कुठून आणलास, असं मी विचारलं. म्हणाली, आधी मागून पाहिला, तर भाषण मिळालं. मग विकत घेतला. टोपीवाले तिच्या ऑफिसातले कॅशियर निघाले. तिच्या ऑफिसात मी कधी पाऊल टाकलेलं नाही, मला कसं कळणार?
सासऱ्यांनी विचारलं की कोणत्या दिवट्याने मुठीला पॉलिश फासलंय? ती म्हणाली, काय माहीत बाबा, सेकंडहँड घेतलाय. सासरे खोखो हसले. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिलाही.
मासे साफ करायचं काम माझ्याकडे आलं. खवले कसे काढायचे ते तिने एकदा दाखवलं आणि बाहेर बाबांजवळ जाऊन बसली. मासा फारच थंड लागतो हाताला. अख्खा मासा मी आज पहिल्यांदाच हातात धरला. हे ऑफिसात बोलायचं नाही.
बाहेर दोघांचं पुढच्या रविवारचं ठरत होतं. किती वाजता निघायचं, कुठे बसायचं, डब्यात काय न्यायचं. मी नळ जरा बारीक केला. माझं नाव काही आलं नाही. वाईट वाटलं. थोडा वेळ वाट पाहिली, मग पुढचा मासा घेतला.