राख थंड आहे

५ सप्टेंबर, गुरुवार. घरी.

उद्या निघायचं. होडीतून सरोवरांची एकतिसावी फेरी. होडी लाइलच्या ट्रकवर बांधली. गाठी त्याने पुन्हा सोडून बांधल्या. माझ्या बायकोचा, नोरीनचा, भाऊ आहे, त्याला दुसऱ्याच्या गाठी पटत नाहीत.

नोरीनच्या हट्टामुळे डॉक्टरकडे जाऊन आलो. उजव्या हाताची बोटं एप्रिलपासून जरा सुन्न आहेत. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे नसा गेल्यात, पूर्ववत होतील असं सांगता येत नाही. डॉक्टर तरुण आहे. उत्तर ऑन्टॅरिओत एप्रिलमध्ये कोणाची बोटं सुन्न नसतात? आता सप्टेंबर आहे हे मान्य. पण या वर्षी उन्हाळा आलाच कुठे नीट.

नोरीनची अट: या खेपेला मुलगी बरोबर येणार. मॅरिबेथ काल विनिपेगहून आली. परतल्यावर ती आईला सांगणार, बाबांनी म्होरक्या म्हणून जंगलात जावं की नाही. नाही म्हणाली तर होडी तिच्याकडे विनिपेगला जाणार. मी लगेच हो म्हटलं. चौतीस वर्षं शाळेत परीक्षा घेतल्या. एक दिली म्हणून काय बिघडतं.

संकल्प. एक, कोणावर ओरडायचं नाही. दोन, मुक्कामाचे आणि शेकोटीचे नियम तोंडाने नव्हे, कृतीने शिकवायचे. तीन, रोज लिहायचं.

हाताबद्दल मॅरिबेथशी बोलायचं नाही. बोलण्यासारखं काही झालं तर बोलेन.

६ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ९. हॅचेट सरोवराचा धक्का.

दोन बायका होडी भरत होत्या. पहिल्यांदाच निघालेल्या. एकीचं नाव पॉलेट, दुसरीचं विचारायचं राहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून दुसरा संकल्प थोडा बाजूला ठेवला. जाळ फक्त जुन्याच चुलीत करायचा. लाकूड पडलेलं घ्यायचं, मनगटापेक्षा जाड नाही. पुढच्या माणसासाठी कोरड्या काटक्या ठेवून जायचं. दुसऱ्याच्या मुक्कामावर न विचारता उतरायचं नाही. निघताना पाणी ओतायचं, ढवळायचं, परत ओतायचं, आणि मग उघडा हात राखेत घालायचा. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. हात खोटं बोलत नाही.

पॉलेटने लिहून घेतलं. लाइल म्हणाला, मास्तर, आता हजेरी पण घेऊन टाका.

संध्याकाळी ६. पाइन बेट.

चांगली मजल मारली. मी मागे बसून होडी वळवली, मॅरिबेथ पुढे, लाइल मध्ये सामानावर.

शेकोटीला नऊ काड्या लागल्या. काड्या ओल्या होत्या. लाइल म्हणाला, कारखान्याला पत्र लिहा मास्तर, कडक. मॅरिबेथने एका काडीत पेटवली. पेटी तीच. पण तळाच्या काड्या कोरड्या राहतात.

नंतर हाताला कॉफी लागली. म्हणजे पत्र्याचा मग हातातून निसटला आणि कॉफी लाइलच्या पायमोज्यांवर गेली. कानाची घडणच चुकीची आहे त्या मगाच्या.

ज्याने जाळ केला त्याच्या जाळात दुसऱ्याने काठी खुपसायची नाही. लाइलने दोनदा खुपसली. ओरडलो नाही. मोठ्याने सांगितलं.

मॅरिबेथने विचारलं, बाबा, हात दुखतो का तुमचा? म्हटलं, अजिबात नाही. यात एक शब्दही खोटा नाही.

७ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ८.३०.

निघतोय. शेकोटी स्वतः विझवली. दोन भांडी पाणी, ढवळणं, मग सगळ्यांसमोर बोटांची पाठ राखेत टेकवली. पाच आकडे मोजले. थंडगार. लाइल म्हणाला, मास्तर, वाफ निघतेय. म्हटलं, सकाळचं धुकं आहे. तो म्हणाला, एकाच दगडाखालून?

मुक्कामावरच्या लाकडी खोक्याखाली कोरड्या काटक्या आणि बर्चची साल रचून ठेवली. पुढे येईल त्याला बरं पडेल. मॅरिबेथने पाहिलं. हे तिने आईला सांगायला हवं.

दुपारी २.

दोन सरोवरांमधली जमीन ओलांडली. होडी एरवी मीच डोक्यावर घेतो. आज लाइलने घेतली. त्यालाही संधी द्यायला हवी.

हाताला फोड आलेत. तीन. मोठे. वल्ह्याने. मॅरिबेथने हात हातात घेऊन पाहिला. फोड बोटांच्या पाठीवर आहेत. म्हणाली, वल्हं हाताच्या पाठीने धरता का बाबा? मी तिला झाडावरचा गरुड दाखवला. गरुड नव्हता. पण ती बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिली, हा तिचा चांगुलपणा.

संध्याकाळी ५.३०. दुसरा मुक्काम.

जेवण होत आलं तेव्हा पॉलेट आणि तिची मैत्रीण आल्या. दोन होड्यांच्या अंतरावर पाण्यातच थांबल्या आणि उतरू का म्हणून विचारलं. शिकवलेलं वाया जात नाही. या म्हटलं. मासा संपला होता. तव्यावरची रोटी आणि मेपलचा पाक दिला.

पॉलेट म्हणाली, सर, तुमचे फार उपकार झाले. दुपारी बारा वाजता जेवायला पाइन बेटावर उतरलो. चूल विझलेली दिसत होती. एरवी तिकडे बघितलंही नसतं. पण तुम्ही सांगितलं होतं म्हणून हात नेला, तर काय धग! खाली झाडाच्या मुळाने पेट घेतला होता. जाळ आतल्या आत हातभर सरकला होता, थेट त्या मोठ्या पाइनकडे. एकेचाळीस भांडी पाणी ओतलं. वारा सुटला असता तर बेट गेलंच होतं.

मैत्रीण म्हणाली, काय एकेक माणसं असतात हो!

मी म्हटलं, शिस्त म्हणून नसते काही लोकांना.

लाइलला खोकला आला. थांबेना. मॅरिबेथने विचारलं, नक्की पाइन बेटच ना? पॉलेट म्हणाली, हो हो, खोक्याखाली काटक्या अन् बर्चची साल किती नीट रचून ठेवली होती कुणी. म्हणजे चांगली माणसंही राहून गेलीत तिथे.

त्या गेल्यावर हिशेब लावला. आम्ही साडेआठला निघालो, त्या बाराला पोचल्या. मध्ये साडेतीन तास. तेवढ्यात कोणीतरी येऊन चहा केला आणि चूल तशीच टाकून गेला. दुसरा अर्थच निघत नाही. लाइलला सांगितलं. तो म्हणाला, आणि आपल्या काटक्यांना हातही लावला नाही. सज्जन असणार.

मॅरिबेथ उठली. भांडी घासली, पाण्यापासून लांब नेऊन, नियमाप्रमाणे.

वाईट वाटायला हवं का, याचा थोडा विचार केला. मग उरलेली रोटी खाल्ली.

८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ८.

दोन भांडी पाणी. ढवळलं. हात घातला. थंड आहे, म्हटलं.

मॅरिबेथ शेजारी उकिडवी बसली. माझ्या हाताला लागून तिने आपला हात राखेत घातला आणि झटक्यात काढला. बोटं तोंडात घातली. माझा हात आतच होता. तिने मनगट धरून तो बाहेर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मग भांडं घेऊन ती पाण्याकडे गेली. लाइलही गेला. मी मोजत बसलो. सव्वीस भांडी. कोणी बोललं नाही. लाइलसुद्धा नाही. निदान त्याने तरी बोलायला हवं होतं.

दुपारी ३.

सावधपणा चांगलाच. नियम त्यांच्या अंगी मुरायला लागलाय असं म्हणता येईल.

होडीत मॅरिबेथ मागे बसली. न विचारता. लाइल पुढे. मी मध्ये. मधून दोन्ही किनारे सारखे दिसतात, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

मॅरिबेथ होडी चांगली वळवते. माझ्याकडूनच शिकली.

९ सप्टेंबर, सोमवार. घरी. संध्याकाळी ७.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट येतंय.

दवाखान्यात नर्सने उजवा हात कोपरापर्यंत बांधला. कधी भाजलं, तिने विचारलं. म्हटलं, शनिवारी साडेआठला. मग म्हटलं, किंवा रविवारी आठला. किंवा दोन्ही. ती म्हणाली, दुखायला कधी लागलं? मला सांगता येईना. तिने कागदावर ती जागा रिकामी सोडली.

नोरीन आणि मॅरिबेथ स्वयंपाकघरात बोलतायत. दार लावलंय. कोणाचा आवाज चढलेला नाही, म्हणजे निकाल माझ्या बाजूने असावा.

१२ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी १०.

मी सांगतोय, नोरीन लिहितेय. डाव्या हाताचं मलाच वाचता येत नव्हतं.

मॅरिबेथ काल गेली. होडी तिच्या गाडीच्या टपावर. गाठी तिने बांधल्या, लाइलने हातही लावला नाही. जाताना म्हणाली, बाबा, पुढच्या वर्षीच्या फेरीचा परवाना माझ्या नावावर काढतेय. तुम्ही यायचं. लाइलमामालाही आणायचं. आणि तुमचे सगळे नियम लिहून पाठवा, एकही सोडू नका.

म्हटलं, पाठवतो. सगळ्यांना नाही लक्षात राहत ते.

नोरीन मागची पानं चाळतेय. म्हटलं, ती नकोत, पुढचं घे. ती म्हणाली, वेंडेल, नऊ काड्या? म्हटलं, ओल्या होत्या. ती म्हणाली, बरं, तसं लिहिते. लिहिलं की नाही कोण जाणे.

आधी नियम इथे लिहायचे, मग पत्रात उतरवायचे, असं ठरलं. बारा झाले. जागा, लाकूड, काटक्या, भांडी, अस्वलाच्या तोंडी लागू नये म्हणून जेवणाची पिशवी झाडावर टांगणं, सगळं आलं. तेरावा: निघताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. दोन भांडी पुरत नाहीत. हे शेवटचं वाक्य नोरीनने स्वतःहून घातलं. राहू दे म्हटलं.

चौदावा: उघडा हात राखेत घालून बघा.

नोरीन म्हणाली, कोणाचा हात?

म्होरक्याचा, म्हटलं.

ती म्हणाली, नाव सांग.

फ्रिज सुरू झाला, थोड्या वेळाने बंद झाला. ती पेन धरून बसली होती.

मॅरिबेथचा, म्हटलं.

लिहिलं, म्हणाली. पुढे?

पुढे काही नाही, म्हटलं. तिने तेही लिहिलं.