खोक्यावर मारलेल्या तीन थापा

तीर्थरूप दादांस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो अर्धाच पोचेल, उरलेला भेटीत.) गुडघे काय म्हणतात? खोकला? मी ठणठणीत आहे, फक्त मंगळवारी कारखान्यात तुमच्यामुळे माझी पुरती शोभा झाली, ती सविस्तर कळवतो.

पाणी तपासायचं एक यंत्र लांबच्या प्रयोगशाळेला पाठवायचं होतं. आत केसासारखी बारीक काचेची नळी, जोडीला नायट्रिक अ‍ॅसिडच्या चार बाटल्या. आपल्या पॅकिंगखात्यावर आता नव्या बाई आल्या आहेत. (वयाने माझ्या धाकटीएवढ्या, पण नजर थेट तुमची, सैल स्क्रू दारातूनच दिसतो.) त्यांनी खोक्याला एक चिकटपट्टी लावायला दिली. धक्का बसला की ती लाल होते आणि पुन्हा काही पांढरी होत नाही. मी फोम बसवला, झाकण आवळलं, पट्टी लावली, सगळं कसं झकास. आणि मग सवयीने, तुम्ही शिकवलंत तसं, झाकणावर तीन थापा मारून म्हणालो, "जा बाई, सुखरूप पोच."

तिसरी थाप नेमकी पट्टीशेजारी. पट्टी लालभडक! मालाची गाडी अजून फाटकातून आतसुद्धा आली नव्हती.

बाई म्हणाल्या, "काका, निघायच्या आधीच अपघात?"

मग सगळं सोडलं, यंत्र चालवून पाहिलं (ढिम्म काही झालं नव्हतं), नवी पट्टी लावून पुन्हा बांधलं. तोवर गाडीवाला वैतागून निघून गेला. म्हटलं, निदान बाटल्या तरी उरकू, म्हणून भुशाचं पोतं ओढत आणलं, तर बाई किंचाळल्याच. नायट्रिक सांडलं तर भुसा पेटतो! हल्ली बाटलीला पिशवी, भोवती न पेटणारे खडे, खोकं यंत्रापासून वेगळं, आणि ही बाजू वर म्हणून चहूकडे बाण. (इतके बाण, की खोकं लढाईला निघालंय असं वाटावं.)

भुसा पेटतो हे मला कुणी सांगायला हवं का, दादा? आपण दोघं पॅकिंगला असताना भुशात बांधलेलं खोकं धुमसायला लागलं तेव्हा तुम्हीच ते छातीशी धरून आवारात पळालात. सदरा जळाला, दंड भाजला, आणि वर मलाच ओरडलात, "बघतोस काय? पाणी आण!" बाईंना हे सगळं सांगत सुटलो. ती जुनी पॅकिंगची खोली, ओल्या लाकडाचा वास, तोंडात खिळे धरून गुणगुणणारे तुम्ही. बाई हातातलं काम थांबवून म्हणाल्या, "ते दादा आता कुठे असतात?"

यंत्र बुधवारी गेलं. मी हात खिशात कोंबून उभा होतो. काल फोन आला, पट्टी पांढरी आहे.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. मी महिनाअखेर निवृत्त होतोय. माझ्या जागी दोन मुली येणार आहेत, त्यांना शिकवायला बाईंना पंधरा दिवस माणूस हवा आहे. मी तुमचं नाव देऊन टाकलं. मला येतं ते अर्धंच, असं म्हणालो.

पुन्हा ता. क. वहिनी गेल्यापासून तुम्ही खोलीबाहेर येत नाही, ताट तसंच परत जातं, हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका आणि मुलावर चिडू नका. रविवारी न्यायला येतोय. हिने खिडकीजवळ तुमची खाट टाकून ठेवली आहे.