दंडावरची ओळख

नवागाम, सुरत
१० जानेवारी १९९६

चि. सौ. नूतनला,

आक्काचे अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाई-सासऱ्यांच्या पाया पडते, योगेंद्ररावांना नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. थंडी आहे, पण सुरतची थंडी ती काय, एका गोधडीत संपते.

तुझ्या तब्येतीचं कळव. पाण्याचा हंडा उचलू नकोस. पाय सुजत असतील तर खाटेवर बसून लोंबकळत ठेवू नकोस, उशीवर घे. दूध आवडत नाही हे कारण मला सांगू नकोस, लहानपणी माझ्या वाटचंही तूच प्यायचीस.

आता मुख्य सांगते. सातव्यात तुला न्यायला येणार होते, ते राहिलं, आता आठवा लागला. तर या वेळी मला जमत नाही. एक खोली, त्यात तुझ्या दाजींची रात्रपाळी. ते दिवसा झोपतात, बाळ रडलं की त्यांची झोप मोडणार. पाणीही एकच वेळ येतं. शिवाय साड्यांचे धागे कापायचं माझं काम वाढलं आहे, सगळीकडे धाग्याचं तूस. मला त्याने थोडा खोकला असतो, बाकी काही नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, हे मला कळत नाही असं नाही. पण तिकडेच करावं. तुझ्या सासूबाई जाणत्या आहेत. रागावलीस तर रागाव.

तुझी आक्का


नवागाम
३० जानेवारी १९९६

नूतन,

हे पत्र पोस्टाने नाही, हिलालच्या हाती पाठवते आहे. तो तुमच्याच गावचा, इथे तुझ्या दाजींच्या शेजारच्या मागावर काम करतो. भरवशाचा आहे. पोस्टाने आलेलं पत्र तुझे सासरे ओसरीवर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणून मागच्या वेळी मला खोटं लिहावं लागलं. हे एकटीच वाच आणि चुलीत घाल.

तुझं पत्र मिळालं. 'आई असती तर तिने असं दार लावलं नसतं,' असं तू लिहिलंस. ते मी दोन दिवस पुन्हा पुन्हा काढून वाचत राहिले. दाजींनी काय झालं विचारलं, तर त्यांच्यावरच डाफरले. ते बिचारे डबा घेऊन निघून गेले.

जागेचं, पाण्याचं, झोपेचं, सगळं मी बनवून लिहिलं होतं. मला टीबी झाला आहे. छातीचा. लिहिलं बघ एकदाचं.

दिवाळीपासून खोकत होते. तूस गेलं असेल, असं म्हणत गूळ-हळद घेत राहिले. या महिन्याच्या सुरुवातीला थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा दाजी ओढतच दवाखान्यात घेऊन गेले. तिथे प्रज्ञा म्हणून नर्स आहे, आपल्याकडचीच, तिचे वडील रेल्वेत होते. थुंकी तपासली, जंतू निघाले. ती म्हणाली, "ताई, औषध नेमाने घेतलं तर पक्कं बरं होतं. पण दोन-तीन महिने तरी तान्ह्या बाळाच्या आसपास फिरकायचं नाही."

मी म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आहे गं. आम्हाला आई नाही."

ती म्हणाली, "म्हणूनच सांगते."

मग तिने मला बसवून समजावलं. आपल्या रक्तात म्हणे राखण करणाऱ्या पेशी असतात. मला आपलं कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनसारखं वाटलं ते. जुना वॉचमन एकदा चोर पकडला की पुढे त्याला चालीवरूनही ओळखतो. बाळाचा वॉचमन अगदी नवा असतो, त्याला आपलं कोण नि परकं कोण ते अजून कळत नाही. तोवर आई आपली राखण त्याला उसनी देते, थोडी पोटात असताना, थोडी दुधातून. पण टीबीपुढे ती उसनी राखण पुरत नाही. मोठ्या माणसाच्या छातीत हे जंतू वर्षानुवर्षं कोंडून राहू शकतात, तान्ह्या बाळाच्या अंगात ते मोकाट सुटतात. मेंदूपर्यंत जातात म्हणाली. यापुढचं मी तिला बोलू दिलं नाही.

माझेही कोंडलेलेच असतील, ती म्हणाली, अंगातली ताकद गेली तेव्हा सुटले. जेवता का नीट, असं विचारलं. तुला मूल व्हावं म्हणून मी वर्षभर सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरली होती. तुला दिवस राहिले तेव्हा सोडायची, तर बाळंतपण सुखरूप होऊ दे म्हणून तशीच पुढे चालू ठेवली. हे कळल्यावर ती पोरगी माझ्यावर अशी चिडली की मला तुझीच आठवण आली. आता रोज दोन वेळ जेवते. तू यातलं काही मनाला लावून घेऊ नकोस. देवाने मागितलं नव्हतं, मीच आपल्या मनाने दिलं.

तुझ्या सासरी हे कळू द्यायचं नाही ते का, हे तुला सांगायला नको. चौऱ्याण्णव साली गणपतीनंतर इथे प्लेग आला, आम्ही नेसत्या कपड्यांनी गाडीत बसून तुमच्या गावी आलो, तेव्हा गावात कुणी आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. तुझ्या सासऱ्यांनी माझं अंथरूण गोठ्यात टाकायला लावलं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मनी बहीण शे ती. ती बाहेर झोपी तं मी बी बाहेर झोपसू." आणि माझं अंथरूण उचलून आत नेलंस. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तुझ्या. तेव्हा माझ्या अंगात काही नव्हतं, तरी ते मला रोगाची समजत होते. आता खरोखर आहे. त्यांना कळलं तर तुझ्याकडेही तसंच बघतील, ही त्याच घरची म्हणून. त्यापेक्षा मी स्वार्थी ठरले तर चालेल.

पण तूही मला स्वार्थी समजावंस, हे मला सोसलं नाही. म्हणून हे पत्र.

आता नीट ऐक. बाळ झालं की पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळं दूध, चीक, आपल्याकडे पिळून टाकतात आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवतात. आईने आपल्या दोघींच्या वेळी तेच केलं असणार. तू करू नकोस. आईची राखण त्या चिकातच सगळ्यांत जास्त असते, असं प्रज्ञाने मला दोनदा बजावलं. सासूबाई ओरडल्या तर ओरडू देत. मी तिथे असते तर मीच भांडले असते. आणि बाळाला बीसीजीची, टीबीवरची सुई लवकर टोचून घे.

तुझं डोकं मांडीवर घेऊन तेल घालायचं होतं मला. शेकशेगडी करायची होती. फार वाईट वाटतं, नूतन.

तुझी आक्का


नवागाम
१४ एप्रिल १९९६

माझ्या नूतनला,

हिलालची बायको शोभा गावातच असते, ती हे पत्र तुला पाणी भरायला जाताना देईल. तिच्याकडूनच मला सगळं कळलं. मुलगी झाली, गायत्री नाव ठेवलं. चीक पिळून टाक म्हणून सासूबाई उशाशी वाटी घेऊन बसल्या होत्या आणि तू पदराआड पोरीला पाजलंस. हे ऐकून मी हातातल्या साडीला कात्री लावायची ती माझ्याच बोटाला लावली.

पुढचंही कळलं. बारशाच्या दिवशी तुझे सासरे चार लोकांत म्हणाले की सख्खी बहीण असून ढुंकून पाहिलं नाही, असली कसली बहीण. आणि तुला राहवलं नाही. "तिला टीबी आहे, माझ्या पोरीला होऊ नये म्हणून ती आली नाही," असं तू सगळ्यांसमोर सांगून टाकलंस.

तुला लिहिलं होतं गं, कळू देऊ नकोस म्हणून. पण तू कधी माझं ऐकलंस? दुसऱ्यांदा माझ्यासाठी भांडलीस. पहिल्या वेळी मला घरात घेतलंस, या वेळी मात्र तुझ्या भांडण्याने घर बंद झालं. सुरतचं माणूस आणि सुरतची वस्तू या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी शिवलेली अंगडी-टोपडी हिलालच्या हाती तशीच परत आली, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मला तुझा राग आला नाही. रडू मात्र आलं, ते लपवत नाही.

गेल्या आठवड्यात माझी थुंकी पुन्हा तपासली. जंतू नाहीत. औषध अजून पुष्कळ दिवस घ्यायचं आहे, पण आता बाळाला खुशाल मांडीवर घ्या, असं प्रज्ञा म्हणाली. दवाखान्याने बरी म्हटलं म्हणून तुझ्या सासरचे म्हणतील असं नाही. ते बोलावेपर्यंत मी येणार नाही. तूही हट्ट धरू नकोस, तुला तिथेच राहायचं आहे.

एक मात्र त्यांना सांग. शोभा म्हणत होती, पोरीच्या डाव्या दंडावर फोड आला आहे, त्यात पू धरला आहे, आणि हे मावशीचंच देणं म्हणून सासूबाई तिला हात लावायला भितात. तो फोड बीसीजीच्या सुईचा आहे. त्यावर हळद लावू नकोस, दाबू नकोस, बांधू नकोस, आपोआप सुकेल. टीबीसारखेच जंतू दुबळे करून त्या सुईत घातलेले असतात. पोरीचा वॉचमन आता त्यांना धरतो आहे, त्यांचं तोंड नीट पाहून ठेवतो आहे. फोड सुकला की खूण राहील, ती जन्मभर जात नाही.

म्हणजे बघ, तिने मला अजून पाहिलं नाही, पण माझं दुखणं ओळखायला शिकली. मोठी झाल्यावर ती विचारेल, दंडावर हे काय आहे. टीबीची सुई म्हणून सांग. आणि तोवर त्या घरात माझं नाव घेता येत असेल, तर तेही सांग.

अंगडी-टोपडी पेटीत ठेवली आहेत. ती आता तिला होणार नाहीत, हे मला माहीत आहे.

तुझी आक्का,
गायत्रीने न पाहिलेली मावशी