‘सोडलं का?’

अप्पा, आज दुपारी प्लांटमध्ये मी एका फिटरच्या हातातला पाना हिसकावून घेतला. माणूस हदगावचा, तुम्ही गेलात तेव्हा होतात त्याच वयाचा. गॅसच्या लाईनीची चाचणी चालू होती. एका जोडातून फुसफुस ऐकू आली, म्हणून बोल्ट ढिला करण्याआधी त्यानं वॉकीटॉकीवर विचारलं, “सोडलं का?” व्हॉल्ववरचा माणूस म्हणाला, “हाव, सोडलं.” यानं पाना लावला, तेवढ्यात मी तो ओढून घेतला. त्याच्याच वॉकीटॉकीवर ओरडून विचारलं, “बाहेर सोडलं का लाईनीत?”

“लाईनीतच की, मॅडम,” व्हॉल्ववरचा म्हणाला. “ टेस्टिंगला गॅस पायजे म्हणूनच इचारलं न्हाई का त्यानं?”

दोघंही खरं बोलत होते. हवा सोडली म्हणजे काढून टाकली, पाणी सोडलं म्हणजे नळाला आलं. आपल्याकडे एकच शब्द दोन्हीकडून चालतो. बोल्ट निघाला असता तर त्या माणसाचं तोंड जाग्यावर राहिलं नसतं. तो घाम पुसत खाली बसला.

भूकंपानंतर लातूरच्या त्या ऑइल मिलमध्ये वाफेच्या लाईनीचे जोड सारखे गळायचे. मी बारावीत; क्लासचे सर ‘प्रेशर घेऊ नका’ म्हणत रोज पेपर घेतात, आणि तिकडे तुम्ही शिडीवर, काका खाली व्हॉल्वपाशी. तुम्ही विचारता, “सोडलं का रं?” काका म्हणतात, “हाव, सोडलं.” वाफ काढून टाकली असं समजून तुम्ही जोड उघडता; काकांनी ती लाईनीत सोडलेली असते. पुढचं मी दवाखान्यात पाहिलं. आई काकांच्या नावानं बोटं मोडत होती, तेव्हा पट्ट्यांच्या आतून तुम्ही तिला दटावलंत, “त्याला बोलू नको. त्यो खोटं न्हाई बोलला.” आम्ही म्हटलं, सख्खा भाऊ म्हणून पांघरूण घालताहेत. तुमच्यानंतर आईनं काकांना उंबरा चढू दिला नाही. माझ्या लग्नात मांडवाबाहेरून अक्षता टाकून ते न जेवता गेले.

काका औशाला असतात, आता फार थकलेत. हे त्यांना फोनवर दोन वाक्यांत सांगता येईल. ते सोडून मी तुम्हाला लिहीत बसलेय, जिथे टपाल जात नाही. इतकी वर्षं मी तुमचं दुःख काकांवरच्या रागावर निभावून नेलं, अप्पा. चूक कुणाचीच नसेल, तर तुम्ही नुसतेच गेलात. ते मला अजून झेपत नाही.